चहाच्या पेटीला रॉकेलचा वास

१

सकाळी दुकान उघडल्यावर थोरल्या सुनेने चहाच्या पेटीचं झाकण वर केलं आणि तिच्या नाकात रॉकेलचा भपकारा शिरला.

आधी तिला वाटलं, आपल्याच पदराला लागलं असेल. पदर हुंगला, हात हुंगले. मग पेटीत वाकून पुन्हा एकदा श्वास घेतला. शंकाच नको. आतून पत्रा मारलेली मोठी लाकडी पेटी, तिच्यात पंचवीस किलो चहा. कालच दुपारी धाकट्या जावेने तीन जातींची पत्ती मिसळून तो गळ्यापर्यंत भरला होता. आणि आता त्या सगळ्याला कंदिलासारखा वास मारत होता.

खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिला विचार आला तो नुकसानीचा नव्हता. 'बरी जिरली,' असं तिचं मन म्हणालं, आणि ते ऐकून तिची तीच दचकली.

पंधरा वर्षं ती त्या काउंटरमागे उभी होती. गावातलं एवढंच एक जुनं दुकान, पण सुईपासून नांगराच्या फाळापर्यंत काय मिळत नसे तिथे! भिंतभर लाकडी खण, छताला टांगलेल्या बादल्या, कोपऱ्यात दोरखंडाची वेटोळी, खाली रॉकेलचं पिंप, वर कंदिलाच्या काचा. कुठल्या खणात बिजागऱ्या आणि कुठल्यात शाईच्या पुड्या, हे ती डोळे मिटून सांगे.

दोन वर्षांपूर्वी धाकटी या घरात आली. तिचा नवरा दूर रस्त्याच्या कामावर, म्हणून ती दुकानात हाताखाली राहिली. पहिले सहा महिने बरण्या पुसल्या, आणि मग तिने चहा मिसळायला घेतला. काय करायची कोण जाणे, पण डब्यातली साधीच पत्ती तिच्या हातून एकत्र झाली की चवच निराळी यायची. आठ-आठ मैलांवरून माणसं चालत येऊ लागली. येत, थोरलीला बघून न बघितल्यासारखं करत आणि विचारत, "धाकट्या बाई नाहीत का आज?"

त्या प्रश्नाने थोरलीच्या पोटात रोज एक खिळा ठोकला जाई. पंधरा वर्षांत तिला कुणी असं विचारलं नव्हतं.

आणि आता तर डोंगरावरच्या वसतिगृहाने वर्षभराचा चहा इथूनच घ्यायचं ठरवलं होतं. पहिली पेटी न्यायला उद्या सकाळी गाडी येणार होती.

"मामंजी," तिने हाक मारली, "जरा इकडे या बरं."

सासरे आले. सत्तरी ओलांडलेले, ताठ. वाकले, हुंगलं आणि शांतपणे म्हणाले, "रॉकेलच्या हाताने चहा भरला असेल तिने. नवखी आहे. चुकतं माणूस. जाऊ दे."

थोरली बघतच राहिली. एक बटण हरवलं तर दिवसभर घर डोक्यावर घेणारा हा माणूस पंचवीस किलो चहाला 'जाऊ दे' म्हणत होता!

२

पण जाऊ द्यायला जमादार तयार हवे होते ना!

पोलिसातून निवृत्त झालेले जमादार म्हणजे दुकानासमोरच्या बाकाचा चौथा पाय. सकाळी दुकान उघडलं की बसायचे ते बंद होईपर्यंत. नोकरी सुटली तरी खोड सुटली नव्हती. वास नाकात गेल्याबरोबर ते काठी टेकत आत आले.

"कुणी कुठे हलायचं नाही," ते म्हणाले. खरं तर कुणी हलतच नव्हतं.

धाकटीला समोर उभं केलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"पेटी धुऊन वाळवली होती. काल दहा वाजता मी ती आत आणली, इथे काउंटरशेजारी ठेवली आणि तळाला नवा कागद अंथरला. मग मागच्या खोलीत पत्ती मिसळत बसले. बाराच्या ठोक्याला पेटी भरली. सगळं मिश्रण एकदम ओतलं आणि झाकण घातलं. त्यानंतर मी पेटीला हात लावलेला नाही."

"रॉकेल कधी विकलंस?"

"दोन बाटल्या दिल्या. पण तीन वाजता. चहा भरल्यावर."

"असं तू म्हणतेस," जमादार म्हणाले. "आणि मोठ्या सूनबाई, तुम्ही?"

"मी काउंटरवरच होते. मास्तर खडू घेऊन गेले. एका गिऱ्हाइकाला दोरखंड दिला."

"चहाचं कौतुक होतं ते तुम्हाला खुपत होतं, असं गाव म्हणतं."

"गावाला काय, जिभेला हाड नाही," थोरली म्हणाली, पण तिचे कान तापले.

"मी बाकावरून बघत होतो," जमादार पुढे सरसावले. "काल बाहेरचं माणूस पेटीपर्यंत एकच गेलं. पुलापलीकडचा दुकानदार. चार वाजता आला. झाकण उघडून हुंगलं आणि 'वा!' म्हणाला. पण त्याच्या हातात ना बाटली ना डबा. मग उरलं कोण? घरातलंच." त्यांनी दोन्ही सुनांकडे आळीपाळीने पाहिलं. "एकीचा निष्काळजीपणा, नाहीतर दुसरीची जळजळ. आज संध्याकाळपर्यंत सांगतो कुठलं ते."

"पुरे झालं," सासरे म्हणाले. "चहा ओढ्यात ओतून द्या. धाकटीला मी चार महिने माहेरी पाठवतो. हात जरा स्थिर होऊ दे तिचा."

धाकटी आत निघून गेली, आणि थोड्या वेळाने मागच्या मोरीवर साबणाने खसाखसा हात घासल्याचा आवाज येऊ लागला.

३

ओढ्यात ओतायचा म्हणजे आधी पेटी हलकी करायला हवी होती. थोरलीने मागच्या अंगणात चादर अंथरली आणि चहा मापाने उपसायला घेतला.

वरचा थर तिने मुठीत घेऊन हुंगला. वास होता, पण पुसट. मधला हुंगला, तो जास्त. जसजशी ती खाली गेली तसतसा वास डोळ्यांत झोंबायला लागला. ती थांबली.

रॉकेलच्या हाताने चहा भरला असता, तर वास सगळ्या थरांना सारखाच लागला असता. हा खालून वर आला होता. आणि पत्ती कुठेच ओली नव्हती.

तिने उरलेला चहा भराभर उपसला. तळाला धाकटीने घातलेला कागद होता, नीट, चारी कोपरे दुमडलेला. तिने तो उचलला.

कागदाखाली एक पुरचुंडी होती. गोणपाटाच्या तुकड्यात कंदिलाच्या वातीचे चार-पाच तुकडे, रॉकेलमध्ये भिजवून पिळलेले. तोंड दोऱ्याने आवळून बांधलेलं. पुडे बांधायचा दुकानातलाच दोरा.

चूक नव्हती, तर. कुणीतरी हे जाणूनबुजून केलं होतं. शिवाय धाकटीने तर नक्कीच नाही. आपल्याच हाताने आपल्या जिवावर कोण उठेल?

ती पुरचुंडी मुठीत धरून उभी राहिली. मोरीवरचा आवाज अजून थांबला नव्हता. ही वस्तू दाखवली, तर धाकटी सुटली. नाही दाखवली, तर धाकटी चार महिने माहेरी. आणि चार महिन्यांनी परत कोण कशाला बोलावतंय? काउंटर पुन्हा तिचं एकटीचं.

आत चूल पेटलेली होती. तिच्यावर दूध तापत होतं. थोरली स्वयंपाकघरात गेली, चुलीपुढे बसली आणि हात पुढे केला.

४

तिने हात तसाच धरून ठेवला. जाळाची धग बोटांना लागत होती.

तिला आठवत होतं ते विचित्रच. पाच वर्षांपूर्वी तिने काउंटरमागचे सगळे खण नव्याने लावले होते. महिनाभर खपून. एकाही माणसाच्या ते लक्षात आलं नाही. धाकटी आल्यावर आठ दिवसांत म्हणाली होती, "जाऊबाई, हे खण ज्याने लावले त्याच्या डोक्याला मानलं पाहिजे." थोरलीने तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. तिला ते कौतुकसुद्धा सहन झालं नव्हतं.

दूध उतू गेलं. फस्सकन आवाज झाला तशी ती भानावर आली. भांडं उतरवलं, आणि पुरचुंडी कनवटीला खोचली.

मग ती विचार करायला लागली. ज्या डोक्याने ती हजार वस्तू जागच्या जागी ठेवत असे, तेच डोकं तिने या कामाला लावलं. पुरचुंडी पुन्हा बाहेर काढून दोऱ्याची टोकं उजेडात धरली. दोन्ही टोकं पिंजलेली. एकेक तंतू सुटा झालेला.

काउंटरवर कात्री साखळीने बांधलेली असे. थोरली दोरा कात्रीनेच कापायची. धाकटीही. दोघींच्या पुड्यांवर दोऱ्याचं टोक सरळ, कापलेलं. पण जुन्या पिढीचे दुकानदार कात्री घेत नाहीत. दोरा बोटाभोवती एक वळसा घेऊन असा झटका देतात की कट्कन तुटतो. धाकटीने ते शिकायचा एकदा प्रयत्न केला होता आणि बोट चिरून घेतलं होतं. थोरलीने पंधरा वर्षांत तेही केलं नव्हतं.

या घरात ती करामत एकालाच येत होती.

'छे!' ती स्वतःलाच म्हणाली. 'स्वतःच्या दुकानाचं वाटोळं कोण करील?' मग एकदम तिच्या मनात उजेड पडला. ही करामत आणखी एक माणूस याच काउंटरमागे उभा राहून शिकला होता.

तिने चपला घातल्या आणि पुलाची वाट धरली.

५

पुलापलीकडचा दुकानदार पूर्वी सासऱ्यांच्याच हाताखाली होता. वेगळं होऊन आठ वर्षं झाली होती. त्याच्या दुकानात माल चकचकीत, गिऱ्हाईक मात्र तुरळक.

"या वहिनी! आज वाट चुकलात?"

"दोन साबणाच्या वड्या द्या."

त्याने वड्या कागदात गुंडाळल्या, दोरा फिरवला, बोटाला वळसा घेतला आणि कट्. थोरलीने टोक पाहिलं. पिंजलेलं.

तिचा जीव भांड्यात पडला. आता जमादारांना सांगायचं, की मोकळे!

"काल आमच्याकडे आला होतात म्हणे," ती म्हणाली.

"आलो होतो." तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "खोटं कशाला बोलू, जळायला आलो होतो. लोक तो चहा आणायला माझ्या दारावरून जातात, वहिनी. माझ्या दारावरून! म्हटलं, आहे तरी काय बघू. झाकण उघडलं. वरवरचा रॉकेलचा हलका वास आला, मला वाटलं शेजारच्या पिंपाचा असेल. मग पत्तीचा खरा दरवळ आला आणि मी गप्प परत आलो."

"चार वाजताच आलात ना? त्याआधी नाही?"

"त्याआधी तालुक्याला होतो. साडेतीनच्या गाडीने उतरलो. का?"

थोरली वड्या घेऊन निघाली. पुलाच्या मधोमध तिचे पाय थांबले.

तो खरं बोलत होता की नाही, हा प्रश्नच नव्हता. पुरचुंडी कागदाखाली होती. कागदावर पंचवीस किलो चहा. चार वाजता येणारा माणूस भरलेल्या पेटीच्या तळाशी हात घालू शकत नाही. जमादार समोर बसलेले असताना तर मुळीच नाही. पुरचुंडी ठेवली गेली ती कागद घातल्यावर, तो उचलून, आणि चहा ओतण्याआधी. दहा ते बारा.

दहा ते बारा ती स्वतः काउंटरवर होती. पेटी डोळ्यांसमोर होती. मग?

मग तिला दोरखंडाचं गिऱ्हाईक आठवलं. दोरखंड दुकानात मापता येत नाही. बाहेरच्या पायऱ्यांवर लांब पसरून मापावा लागतो. तीस हात दोरखंड. पाव तास तरी ती बाहेर होती. जमादारही बाकावरून उठून दुसरं टोक धरायला आले होते, पाठ दुकानाकडे करून.

आणि आतून आवाज आला होता, "जा तू, सावकाश माप. मी बघतो इकडे."

६

सासरे मागच्या कोठीत नांगराचे फाळ रचत होते. थोरलीने पुरचुंडी त्यांच्यापुढे फळीवर ठेवली.

त्यांनी ती बघितली. फाळ खाली ठेवला. हात धोतराला पुसले.

"ओढ्यात ओत म्हटलं होतं ना मी," ते म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंय, टाकण्याआधी चाळून बघावं."

त्यांनी तोंड फिरवलं. मग बोलले ते भिंतीकडे बघत. "गेल्या महिन्यात वसतिगृहाची स्वयंपाकीणबाई आली होती. मी स्वतः चहा जोखला, पुडा बांधला. तिने तो परत माझ्या हातात दिला. म्हणाली, शेठ, तुम्ही बसा, सुनेला बांधू द्या. चार माणसांत! बेचाळीस वर्षं या हातांनी या गावाला सगळं दिलं. मीठ दिलं, खिळे दिले, मेलेल्यांना कापड दिलं. आणि मला म्हणते, तुम्ही बसा."

"चहा तोच होता, मामंजी. तिनेच मिसळलेला."

"तेच तर! चहा तोच, दुकान माझं, आणि हात नको झाला तो माझा." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुला तरी हे कळायला हवं. तुलाही तेच हवं होतं. मी बघत नव्हतो का दोन वर्षं तुझं तोंड?"

"हवं होतं," थोरली म्हणाली. "सकाळी झाकण उघडलं तेव्हा आनंदच झाला मला."

"मग गप्प राहा. हे चुलीत घाल. ती जाईल माहेरी, आणि दुकानाच्या किल्ल्या आजपासून तुझ्या. थोरला शहरातून माल घेऊन आला की त्यालाही सांगतो."

त्यांनी कमरेची किल्ल्यांची जुडी काढून फळीवर ठेवली, पुरचुंडीच्या शेजारी. पंधरा वर्षं तिने त्या जुडीकडे नजर लावली होती.

"मोरीवर जाऊन तिचे हात बघा, मामंजी," ती म्हणाली. "साल निघालीय. सकाळपासून घासतेय. तिला वाटतंय, खरंच तिच्याच हाताचा वास लागला असेल."

सासऱ्यांनी मान खाली घातली.

"उद्या गाडी येईल. स्वयंपाकीणबाईंना तुम्ही सांगणार की मी?"

७

दुसऱ्या दिवशी गाडी आली. जमादार बाकावर सरसावून बसले होते. रात्रभर जागून त्यांनी थोरलीलाच गुन्हेगार ठरवलं होतं आणि आता फक्त श्रोते हवे होते.

सासरे पायऱ्या उतरून गाडीपाशी गेले. टोपी काढली.

"बाई, चहा तयार नाही. तो मी नासवला. सुनेची काही चूक नाही. तुम्ही मला बसा म्हणालात, ते मला सोसलं नाही."

स्वयंपाकीणबाई गाडीतून खाली उतरली. तिला ती गोष्ट चटकन आठवलीसुद्धा नाही. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि सासऱ्यांनाही दिसलं. त्यांच्या खांद्यांतला ताठा तिथेच गेला.

"अहो शेठ," ती गोंधळून म्हणाली, "तुमचा हात थरथरत होता त्या दिवशी. मला वाटलं, दमलात."

जमादार काठी उचलून बाकाच्या पार टोकाला सरकले.

धाकटी दारात उभी होती, दोन्ही हातांना तेल लावून फडकी गुंडाळलेली. सगळ्यांना वाटलं ती रडेल, किंवा वाकून सासऱ्यांच्या पाया पडेल. तिने यातलं काहीच केलं नाही.

"आठ दिवसांत नवी पेटी भरते," ती स्वयंपाकीणबाईला म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. "मामंजी, तुम्ही दुकानात बसा. तुमचंच आहे ते. पण चहाच्या पेटीला यापुढे हात लावायचा नाही. माझा राग जाईपर्यंत माझ्याशी बोलायचंही नाही. किती दिवस लागतील ते मला माहीत नाही."

"बरं," सासरे म्हणाले. इतक्या वर्षांत या घरात त्यांनी कुणाला 'बरं' म्हटलेलं थोरलीने ऐकलं नव्हतं.

आणि थोरलीला पुन्हा तिचा हेवा वाटला. आपल्याला असं सरळ बोलता आलं नसतं, म्हणून.

गाडी रिकामी गेल्यावर दोघी मागच्या अंगणात बसल्या. चादरीवर तो नासलेला चहा अजून पसरलेला होता.

"खरं सांगू जाऊबाई? मला वाटलं तुम्हीच केलंत."

"साहजिकच आहे."

"तुम्हाला काल दुपारीच सापडलं ना ते? मग सांगितलं नाहीत लगेच?"

थोरलीने चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. खोटं सांगणं सोपं होतं. पूल, साबण, दोरा, सांगण्यासारखं बरंच होतं.

"मी ती पुरचुंडी आधी चुलीपाशी नेली होती," ती म्हणाली. "जाळायला."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "मग?"

"मग नाही जाळली."

"किती वेळ बसला होतात तिथे?"

"दूध उतू जाईपर्यंत."

अंगणात कोंबड्या आल्या, चहात चोच घालून तोंड वाकडं करून गेल्या. थोरली उठायला लागली, तेवढ्यात धाकटीने फडकं गुंडाळलेला हात तिच्यापुढे केला.

"हे सुटलंय. जरा बांधता का? घट्ट नको."

थोरली पुन्हा खाली बसली आणि गाठ मारायला लागली.